शहाणी बुजत नाही

शेपट्याला किळस यायला फार काही लागत नसे. सकाळी उठावं, चूळ भरावी, तबेल्याचं दार ढकलावं, की "श्शी!" हा दिवसातला पहिला शब्द तोंडातून आलाच म्हणून समजा. लिदीची किळस नव्हे हं. लीद त्याने जन्मभर उपसली होती, तिचं त्याला काही वाटत नसे. त्याला किळस होती माणसांची, आणि त्यातही वसंतात येणाऱ्या माणसांची.

आता हे वसंताचं प्रकरण काय, ते आधी सांगायला हवं. त्या गावाच्या पलीकडे नजर पोचेल तिथवर वाळवंट. वर्षाचे दहा महिने तिकडे कुत्रंही फिरकत नाही. पण थंडी सरली की पाचसहा आठवडे त्या वाळूत फुलं येतात; पिवळी, जांभळी, बोटभर उंचीची. ती बघायला शहरातून माणसं येतात, आणि त्यांना ती फुलं पायी जाऊन बघायची नसतात, घोड्यावर बसून बघायची असतात. दहाबारा जणांचा घोळका, एकामागे एक घोडे, तीन तास जायचं, फोटो काढायचे, फुलं तुडवायची आणि "काय शांतता आहे नाही!" असं एकमेकांना ओरडून सांगत परत यायचं.

हा सगळा धंदा शेपट्याच्या भाऊजींचा, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. भाऊजी पांढऱ्या घोड्यावर सगळ्यांत पुढे, डोक्यावर रुंद टोपी, जिभेवर साखर. आणि सगळ्यांत मागे, सगळ्यांची धूळ खात, हा. रांगेतलं कोणी घसरलं, कोणाचा पाय रिकिबीतून सुटला, कोणाचा चष्मा वाळूत पडला, तर बघायला शेवटी एक माणूस लागतो. तो बावीस वर्षं हाच होता, म्हणून शेपट्या. त्याचं खरं नाव बहिणीला माहीत होतं, पण आताशा तीही शेपट्याच म्हणायची.

बावीस वर्षं मागून बघितल्यावर माणसाला पाठी वाचता येतात. कोण घाबरलंय, कोण बायकोशी भांडून आलंय, कोण उतरल्या उतरल्या घोड्याची तक्रार करणार, हे शेपट्या पाठीवरून ओळखायचा. तोंडं त्याच्या लक्षात राहत नसत, आणि राहावीत अशी ती नव्हतीच, असं त्याचं मत.

संध्याकाळी हेल्मेटं पुसायचं काम त्याच्याकडे. खोगीरखोलीत भिंतीला ओळीने खिळे, त्यांवर खोगिरं, लगाम, तंग, आणि खाली बाकावर दिवसभर लोकांच्या डोक्यांवर फिरून आलेली पंधरा हेल्मेटं. आतली गादी ओलीचिंब. कोणाचं तेल, कोणाचा घाम, कोणाचं अत्तर, कोणाचा तो उन्हाचा पांढरा लेप. फडक्याने एकेक पुसताना शेपट्याला उमासे यायचे. "घोड्याच्या पाठीवरचा घाम बरा," तो बहिणीला म्हणायचा, "त्याला निदान खोटा वास नसतो." बहीण म्हणायची, "नाक मुरडायचं बंद कर आणि पूस. यांच्याच डोक्यांवर आपलं पोट आहे."

भाऊजींचीही त्याला किळसच यायची, पण ती गिळायची सवय झाली होती. गिऱ्हाइकापुढे "हे घोडे म्हणजे माझी लेकरं" म्हणणारा हा माणूस पाय निकामी झालेल्या लेकराला हंगाम संपताच ट्रकवाल्याच्या हवाली करायचा. तो ट्रक कुठे जातो, हे तबेल्यात कोणी बोलत नसे. मागच्याच्या मागच्या वर्षी एका लंगड्या घोड्याला चढवताना शेपट्याने त्याची दोरी धरली होती. घोडा बिचारा फळीवर थांबून वळून बघत राहिला, आणि याने दोरी ओढली. त्या रात्री याला जेवण गेलं नाही.

आणि मग शहाणी. ही त्या तबेल्यातली सर्वांत गरीब घोडी, तपकिरी रंगाची, उतरत्या वयाची. दोन वर्षांपूर्वी, असाच फुलांचा हंगाम चालू असताना, कोणाच्या तरी हातातली प्लॅस्टिकची पिशवी वाऱ्यावर सुटली आणि फडफडत रांगेतून गेली. सगळे घोडे बुजले. दोन बाया पडल्या, एक गृहस्थ घोड्याच्या मानेला मिठी मारून देवाचा धावा करू लागले. पिशवी शहाणीच्या नाकासमोरून गेली आणि ती हललीसुद्धा नाही. भाऊजी खूश. "याला म्हणतात शहाणी घोडी!" तेव्हापासून तिचं नाव ते पडलं.

शेपट्याला मात्र ते खटकलं. तबेल्यात आल्यावर त्याने तिच्या डोळ्यासमोर हात हलवला. पापणी लवली नाही. दुसऱ्या बाजूला गेला, हलवला. तेच. उजेडात नेऊन नीट बघितलं तर दोन्ही बुबुळांवर निळसर साय आली होती. घोडी पार आंधळी झाली होती आणि कोणाच्या गावीही नव्हतं.

आता हे भाऊजींना सांगायचं म्हणजे ट्रक. शेपट्याने सांगितलं नाही. त्याऐवजी त्याने एक युक्ती केली. त्या रांगेत घोड्यांच्या जागा ठरलेल्या असतात. कोणाच्या मागे कोण चालणार हे घोडेच ठरवतात आणि मग ते जन्मभर मोडत नाहीत. शहाणीच्या पुढे चालायचा एक करडा घोडा. शेपट्याने त्याच्या गळ्यात पितळी घंटी बांधली. "गिऱ्हाइकांना बरी वाटते," असं वर तोंड करून सांगितलं. घंटी जिकडे, शहाणी तिकडे. वाट तर तिच्या खुरांना पाठच होती. बघणाऱ्याला कळणंच शक्य नव्हतं.

आणि भाऊजी काय करायचे? रांगेतलं सर्वांत घाबरट माणूस निवडून शहाणीवर बसवायचे. "हिच्यावर बसा, ही बुजतच नाही." दोन वर्षं शेपट्या मागून ते बघत होता. आंधळ्या घोडीवर म्हातारी माणसं, पहिल्यांदाच घोड्यावर बसणारे, एकदा तर नऊ वर्षांची मुलगी. दर वेळी तो स्वतःला म्हणायचा, जीव वाचवतोय मी एक, पाप तर नाही करत.

त्या दिवशीचा घोळका निवृत्त मंडळींचा होता, अकरा जण. त्यांचा एक पुढारी होता, हातात व्हिडिओ काढायचं यंत्र, आणि सूचना करायची हौस अशी की काही विचारू नका. त्यांच्यातच एक बाई होत्या, ठेंगण्या, भक्कम बांध्याच्या. तीस वर्षं शहरात बस चालवलेल्या. घोड्याला जन्मात हात लावलेला नव्हता. भाऊजींनी त्यांना बरोबर हेरलं. "ताई, तुम्ही शहाणीवर."

शेपट्या शहाणीच्या पोटाखालचा तंग आवळत होता. बस चालवणाऱ्या बाई घोडीभोवती एक पूर्ण चक्कर मारून आल्या, बस सुरू करण्याआधी चाकं बघावीत तशा.

"अहो, ही मान अशी तिरकी का धरते?"

"सवय आहे तिची."

"आणि कान? एक पुढे, एक मागे, सारखे फिरतायत. ही बघत नाही, ऐकतेय." त्या खाली वाकून घोडीच्या डोळ्यांकडे बघू लागल्या. "हिला दिसतं ना नीट?"

शेपट्याच्या हातातला पट्टा तिथेच थांबला. बावीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. लोक विचारायचे, फोटोत कोणता घोडा चांगला दिसेल.

"दिसतं हो," तो म्हणाला. "न दिसायला काय झालंय?"

"नाही, आपलं विचारलं. बिनदिव्याची गाडी मी कधी आगारातून बाहेर काढली नाही." आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून बाई वर चढल्या.

एक गोष्ट शेपट्याला सकाळपासून कुरतडत होती. वाटेवर एक कोरडा ओढा लागतो. आठ दिवसांपूर्वी कुठे तरी लांब डोंगरात पाऊस झाला आणि ओढ्याला अचानक लोंढा येऊन गेला. जुना उतार वाहून गेला, तिथे आता कमरेइतका खोल सरळ कडा. उतरायला नवी जागा वीसएक पावलं डावीकडे. त्याने भाऊजींना सांगितलं होतं, हंगामापुरती वाट बदला. भाऊजी म्हणाले, "फुलं ओढ्यापलीकडे आहेत. बदलून नेऊ कुठे, तुझ्या खोलीत?" मग याने दोनदा शहाणीला घंटीमागून डावीकडे वळवून नेऊन बघितलं होतं. गेली होती बिचारी. म्हणून तो गप्प बसला.

पाऊण तासावर एक एकटं झाड आहे, तिथे सगळे थांबतात. निघताना घोडे पोट फुगवून ठेवतात, थोडं चालल्यावर तंग सैल पडतात, ते तिथे पुन्हा आवळायचे असतात. शेपट्या रांगेच्या त्या टोकाला वाकून तंग आवळत असताना इकडे करड्या घोड्यावरच्या पुढाऱ्याने भाऊजींकडे तक्रार केली की घंटीचा आवाज व्हिडिओत येतो. भाऊजींचं काय, गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व. त्यांनी घंटी सोडली आणि आपल्या झोळीत टाकली.

रांग निघाली. पन्नास पावलं गेल्यावर शेपट्याच्या लक्षात आलं की काहीतरी नाहीये. मग कळलं काय नाहीये ते.

"भाऊजी!" तो ओरडला. "घंटी बांधा हो!"

पुढून भाऊजींनी मागे न बघता हात हलवला. म्हणजे, पुरे. पुढारी वळून म्हणाला, "शांतता अनुभवू द्या की जरा!"

त्याच वेळी शेपट्याने रांग थांबवायला हवी होती. हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण थांबवून सांगायचं काय? सपाट वाळू होती. शहाणी करड्याच्या शेपटीला नाक लावून चालली होती. ओढा आला की आपण पुढे होऊ, कोणाला न कळता लगाम धरू, निभावून नेऊ, असं तो मनाशी म्हणत राहिला. पुढच्या बाईंची पाठ ताठ आणि निर्धास्त होती. घाबरट पाठ नव्हती ती. विचारून, उत्तर घेऊन, मग बसलेल्या माणसाची पाठ होती.

ओढ्याजवळ पुढाऱ्याला हुक्की आली. सगळे ओढा ओलांडतानाचं चित्र त्याला समोरून हवं होतं. त्याने टाच मारली, करडा घोडा दुडक्या चालीने पुढे निघून डावीकडे वळला. शहाणी थांबली. मान वर केली, कान फिरवले. घंटी नाही, शेपटी नाही. मग तिच्या खुरांना पाठ असलेली वाट त्यांनी धरली, सरळ. ओढ्यापलीकडे विसावा मिळतो हे तिला माहीत होतं, त्यामुळे ती जरा लगबगीनेच निघाली.

"अहो, ही सरळ चाललीय!" बाई ओरडल्या. "सगळे डावीकडे, ही सरळ! ओढतेय मी, वळत नाहीये!"

शेपट्याने आपल्या जाड्या घोड्याला असा टोला दिला की त्या घोड्यालाही नवल वाटलं असेल. तो आडवा घुसला आणि शहाणीचा लगाम त्याच्या हातात आला, तेव्हा कडा चार पावलांवर होता. काठाची माती सुटून खाली पडल्याचा आवाज आला. घोडी थरथरत उभी राहिली.

"उतरा," तो म्हणाला. त्याने हात दिला, बाई उतरल्या. कड्यापर्यंत चालत गेल्या, खाली वाकून बघितलं, परत आल्या.

तोवर भाऊजी पोचले. शेपट्याचा दंड धरून त्यांनी त्याला दहा पावलं बाजूला नेलं. चेहऱ्यावर हसू तसंच, गिऱ्हाइकांसाठी.

"काय तमाशा लावलायस?"

"भाऊजी, ती घोडी..." शेपट्या म्हणाला. "तिला दिसत नाही. दोन वर्षं झाली."

"मग?"

"मग म्हणजे?"

"अरे, मला काय आज कळतंय का?" भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "पिशवी नाकावरून गेली आणि घोडी हलली नाही, तेव्हाच मी ओळखलं. म्हणून तर ठेवलीय तिला. दिसतं ते बुजतं, हिला काही दिसतच नाही! घाबरट गिऱ्हाइकाला याहून बरं जनावर मिळेल का कुठे? तू घंटी बांधलीस तेव्हा म्हटलं, चला, मेहुणा हुशार निघाला."

दोन वर्षं ज्याच्यापासून लपवलं, त्याला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. आपण एक जीव वाचवतोय असं शेपट्याला वाटत होतं, आणि दोघे मिळून एकच धंदा करत होते.

"मग आज घंटी का काढलीत?"

"विसरलो रे," भाऊजी म्हणाले. किल्ली घरी विसरावी, तसं म्हणाले. "आता नीट ऐक. सांग, कानात माशी गेली होती. शहाणी मरेपर्यंत माझ्या तबेल्यात राहील, शब्द देतो. आणि तोंड उघडलंस तर शनिवारी ट्रक. घोडी तुझ्या जिभेवर आहे."

एवढं बोलून ते वळले आणि मधाळ आवाजात बाईंना म्हणाले, "काही नाही हो ताई, कानात माशी गेली होती. बसा. गरीब जनावर आहे." आणि पाय ठेवायला हाताची ओंजळही पुढे केली.

बाईंनी त्या ओंजळीकडे बघितलं नाही. त्या शेपट्याकडे बघत होत्या. "तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "मागे तुम्ही असता. तुम्ही म्हणालात तर बसते मी."

दहा जण घोड्यांवरून बघत होते. पुढाऱ्याचं यंत्र चालूच होतं. शहाणीने शेपट्याचा आवाज ओळखून मान त्याच्याकडे वळवली होती. शेपट्याला तो फळीवर थांबलेला लंगडा घोडा आठवला, आणि लगेच ती नऊ वर्षांची मुलगीही आठवली. तोंडं त्याच्या लक्षात राहत नसत, पण तिची पाठ होती. लाल सदरा, दोन वेण्या.

"आंधळी आहे ती," तो म्हणाला. "दोन्ही डोळ्यांनी."

"तुम्हाला कधीपासून माहीत?"

"दोन वर्षं."

"म्हणजे सकाळी मी विचारलं तेव्हा..."

"तेव्हाही."

उतरताना बाईंनी शेपट्याचा हात धरला होता. तो आपला तळवा त्यांनी आधी बघितला, मग विजारीला पुसला, एकदा, आणि नीट गेलं नाही म्हणून पुन्हा एकदा. संध्याकाळी हेल्मेटाची गादी पुसताना शेपट्याच्या चेहऱ्यावर जे यायचं, तेच आत्ता बाईंच्या चेहऱ्यावर होतं. त्याने ते ताबडतोब ओळखलं.

भाऊजींनी झोळीतली घंटी काढून वाळूत फेकली. "घे तुझी घंटी आणि चालता हो. परत तोंड दाखवू नकोस."

शेपट्याने घंटी उचलली. जाडा घोडा भाऊजींच्या हवाली केला आणि शहाणीचा लगाम धरून परत पायी निघाला. बाई म्हणाल्या, "मीही येते. मला आता कुठलाच घोडा नको." आणि त्या मागून चालू लागल्या. पुढे घंटी वाजवत शेपट्या, मध्ये घोडी, शेवटी बाई. दीड तास चालले. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मागून त्याची पाठ बघत होतं. ती पाठ कशी दिसत असेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ती लपवायला वाटेत जागा नव्हती.

तबेल्यात पोचल्यावर बाईंनी नळावर हात धुतले आणि विचारलं, "आता हिचं काय होणार?" शेपट्याने ट्रकचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "ते सकाळी सांगितलं असतंत, तर मी तुमच्या बाजूने भांडले असते." मग फाटकाबाहेर बाकावर जाऊन बसल्या, बाकीचे येईपर्यंत.

सगळं ऐकून बहीण आधी नवऱ्यावर कडाडली आणि मग याच्यावर. "आणि तू रे? त्याला तर मी ओळखते, जन्म गेला माझा. तूही तसलाच निघालास? नऊ वर्षांची पोर बसवलीत तुम्ही दोघांनी?" भाऊजी म्हणाले, शनिवारी ट्रक येतोय. बहीण म्हणाली, "ट्रक नाही नि बिक नाही. घोडी हा घेऊन जाईल. याला भोगू दे. आणि याचं नि घोडीचं, दोघांची तोंडं एकदमच जाऊ देत माझ्यासमोरून." तरी निघताना तिने त्याच्या खांद्यावर गोधडी टाकली, आणि डोळे पुसत आत गेली.

आता तो गावाच्या दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टाकीवर राखणदार आहे. टाकीखाली एक खोली, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये शहाणी. किळस अजून येते. टाकीत थुंकणाऱ्यांची येते, भिंतीवर नावं कोरणाऱ्यांची येते. संध्याकाळी तो कमरेला घंटी बांधून फिरायला निघतो आणि मागून घोडी चालते, त्याच्या पाठीला नाक लावून. त्याला आता कोणी शेपट्या म्हणत नाही, घंटीवाला म्हणतात.

वसंतात फुलांसाठी आलेली माणसं कधी वाट चुकून टाकीपाशी येतात. "काका, किती गरीब घोडी आहे हो," असं कोणी म्हणायला तोंड उघडलं, की त्याला विजारीला पुसलेला तो तळवा आठवतो आणि तो पटकन दोन्ही हात पाठीमागे घेतो.

"आंधळी आहे ती," तो म्हणतो. अजून कोणी काही विचारलेलं नसतं.